काकांचं दुकान ऑनलाइन करायचंय, पण दर किती सांगू?

प्रश्न : मी कुडाळला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. देवगडचे एक बागायतदार, बाबांचे मित्र, हापूससाठी ऑनलाइन दुकान करून मागत आहेत. गेल्या मोसमात त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून १५० पेट्या थेट विकल्या. वर्गमित्र म्हणतो ५,००० सांग. एका एजन्सीने त्यांना ६०,००० सांगितलेत. ऑनलाइन दुकान उभारायचं सॉफ्टवेअर म्हणून शॉपिफाय घ्यावं की वूकॉमर्स? आणि दर किती लावू? बाबांचं म्हणणं, हे नाद सोड आणि बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : बाबांचं शेवटी बघू, आधी पैशांचं.

मित्राचा आकडा आणि एजन्सीचा आकडा, दोन्ही विसर. त्यात काय काय येतं हे दोघांनीही सांगितलेलं नाही. वहीचं एक पान घे, मधोमध रेघ मार. डावीकडे काका बाहेर कोणाला किती देणार ते, उजवीकडे तुला किती ते. ‘सगळं मिळून पंचवीस हजार’ असं एकदा बोलून गेलीस की पुढच्या वर्षीचं होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, बिल तुझ्याच गळ्यात.

डावी बाजू भरू. पेटी सरासरी ₹२,००० धरली तर १५० पेट्यांचे ₹३ लाख. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे खात्यात पोचवणारी सेवा, साधारण २ टक्के घेतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी : ६,००० अधिक १,०८०, म्हणजे ₹७,०८०. सॉफ्टवेअर कुठलंही घे, एवढे जाणारच. शॉपिफायला याखेरीज महिन्याचं भाडं आहे, आणि नवी मुलं इथेच फसतात : शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात मिळत नाही. बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि त्यापायी बेसिक प्लॅनमध्ये शॉपिफाय विक्रीवर आपले वेगळे २ टक्के कापतं. म्हणजे काकांचे आणखी ६,००० गेले. वूकॉमर्स फुकट आहे, पण ते वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालतं. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग, एखादं विकतचं प्लगइन (जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं, वर अपडेट आणि बॅकअप सांभाळणारं माणूस लागतं. ते माणूस तूच.

आंबा दोन-अडीच महिन्यांचा. उरलेलं वर्ष बंद दुकानाचं भाडं कशाला भरायचं? म्हणून या गिऱ्हाइकाला मी वूकॉमर्स सुचवीन. उद्या बारमाही चालणारं साड्यांचं दुकान आलं आणि त्यांच्याकडे संगणकातलं कळणारं कोणी नसेल, तर मी बिनदिक्कत शॉपिफाय म्हणेन. भाडं जातं पण रात्रीची झोप राहते. आणि काकांच्या पेट्या दीडशेऐवजी चाळीस असत्या तर म्हणालो असतो, साइटवर खरेदीची टोपली, म्हणजे कार्टच नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर, काम झालं. गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला याची गरज नाही’ असं सांगता येणं हेही या धंद्यातलं कसबच.

दर पाठवण्याआधी एक सकाळ पेट्या भरतात तिथे जाऊन बस. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन, लहान असेल तर सहा. भाव फळावर आणि दिवसावर. तो रोज सकाळी कोण बदलणार? काकाच, मोबाइलवरून, चष्मा कपाळावर सरकवून. मग त्यांच्यासमोर भाव बदलायचं पान उघड आणि कितव्या टॅपला ते अडतात ते बघ. व्हॉट्सअ‍ॅपवर विकलेली पेटी साइटवरच्या साठ्यातून कोण वजा करणार? कुठल्या पिनकोडला गाडी जात नाही? ताज्या आंब्यावर जीएसटी नाही पण काजूगरावर आहे. उद्या काजू ठेवले तर कराचा दर मालागणिक वेगळा लावता यायला हवा. ही यादी हातात आली की सॉफ्टवेअर निवडणं फार अवघड राहत नाही.

आता उजवी बाजू. माझ्या अंदाजाने हे ६० तासांचं काम आहे, आणि त्यातला बराच वेळ फोटो आणि मजकुराची वाट बघण्यात जाईल. तासाला ₹३०० धरले तर ₹१८,०००. शिकणाऱ्या मुलीला एवढं मागताना लाजायचं कारण नाही. ४० टक्के आगाऊ घे. देखभालीचे वर्षाला ५-६ हजार वेगळे, आणि मोसमात किती वाजेपर्यंत फोन उचलशील तेही लिहून दे. ‘घरचेच आहेत, लिहायचं काय’ असं वाटेल. घरचे आहेत म्हणूनच लिही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाने सात दुकानांना आठ-आठ हजारांत ‘लाइफटाइम सपोर्ट’ कबूल केला होता. दिवाळीच्या आठवड्यात एक प्लगइन अपडेट झालं आणि दोन दुकानांचं चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान, अडकलं. त्याच आठवड्यात त्याची परीक्षा. डोमेनही त्याच्याच नावावर, त्यामुळे दुसऱ्या कोणाला हात घालता येईना.

डोमेन, होस्टिंग, गेटवे, सगळी खाती काकांच्या नावावर आणि काकांच्या ईमेलवर काढ. आंबा डागी निघाला तर पैसे परत की दुसरी पेटी, हे त्यांच्याकडून वदवून घे आणि साइटवर टाक. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. ४८ तासांत तक्रारीची पोच, महिन्याभरात निवारण. इथे ते अधिकारी म्हणजे बहुधा काकूच.

बाबांना सांग, बँकेचा अर्ज भरतेच आहे. एका दुकानावर करिअर ठरत नाही. वर्षभरात देखभालीचे पैसे वेळेवर देणारी पाच-सहा गिऱ्हाइकं जमली तर हाच विषय त्यांच्यापुढे वही घेऊन पुन्हा काढ. नाही जमली तरी पेमेंट जोडणी आणि करांची मांडणी स्वतः केलेली मुलगी मुलाखतीत बोलायला अडत नाही.

गेटवेच्या पडताळणीला काकांचं पॅन, बँक खातं आणि साइटवर अटी, परतावा, गोपनीयता ही पानं तयार लागतात. एखादा कागद परत आला की आठवडा जातो. जानेवारीतच त्यांच्या मागे लाग; मार्चमध्ये ते झाडावर असतील.