मुगाच्या प्रोटीनवर पीएचडी झाली, आता ते नाशिकच्या फूड कंपन्यांपर्यंत कसं न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की मुगातून 80 टक्क्यांहून जास्त शुद्ध प्रोटीन काढायची पद्धत बसवली, पेपरही आले, पण अंबड-सातपूरच्या कंपन्यांना केलेल्या मेलना कुणी उत्तर देत नाही. मी अंबडला नमकीन आणि पफ बनवणाऱ्या एका युनिटमध्ये प्रॉडक्शन बघतो. म्हणजे असे मेल ज्याच्याकडे फॉरवर्ड होऊन पडून राहतात, तो मीच.

मेलमध्ये टक्केवारी असते, अमिनो आम्लांचा तक्ता असतो. आमच्या मालकांचा प्रश्न एकच असतो: आहे त्या मशीनवर चालेल का?

शेवेचंच घ्या. बेसनात असं प्रोटीन मिसळलं की पहिली कटकट पाण्याची. ते बेसनापेक्षा जास्त पाणी ओढतं, त्यामुळे नेहमीच्या मापाने मळलं तर पीठ घट्ट होतं आणि शेव जाळीतून तुटक पडते. पाणी वाढवलं की तळायला वेळ लागतो. त्यात प्रोटीनमुळे रंग लवकर चढतो, आत ओल राहते आणि बाहेरून शेव तांबूस. दुकानदार पाकीट हातात घेऊन म्हणणार, तेल जुनं वापरलंय. पफच्या एक्स्ट्रूडरवर, म्हणजे दाबाने पीठ फुगवून बाहेर काढणाऱ्या मशीनवर, दुखणं वेगळं: प्रोटीन वाढवलं की माल फुगत नाही, नग बारीक आणि कडक येतो, वजन बरोबर असूनही पुडी अर्धी रिकामी दिसते. पाच रुपयांच्या पुडीत हे खपत नाही. तुमच्या मेलमध्ये ‘शेवेत इतक्या टक्क्यांपर्यंत चालतं, पाणी इतकं वाढवा, तेलाचं तापमान इतकं उतरवा’ एवढ्या तीन ओळी असत्या तर मी त्याच दिवशी फोन केला असता. त्यामुळे आधी एक पदार्थ निवडा आणि तो स्वतः बिघडवून-सुधारून बघा.

आता भावाचं. 100 किलो मूगडाळीत प्रोटीन साधारण 24 किलो, हातात येतं त्याहून कमी. बाकीचा बहुतेक माल म्हणजे स्टार्च आणि चोथा. तो कोण घेणार हे ठरलेलं नसेल तर सगळ्या डाळीचा खर्च त्या थोड्याशा प्रोटीनवर बसतो आणि भाव ऐकून पर्चेसवाला फोन ठेवतो. मुगाच्या स्टार्चला काचेसारख्या पारदर्शक नूडल्समध्ये मागणी असते, पण आपल्याकडे तो ग्राहक शोधावा लागेल. मालेगावला सायझिंगच्या, म्हणजे मागावर चढवायच्या सुताला लावायच्या खळीसाठी विचारून बघा, तिथे मात्र मक्याच्या स्टार्चच्या भावाशी गाठ आहे.

पाण्याचं तर पेपरात कुणी लिहीतच नाही. अल्कलीत विरघळवून, मग पीएच 4.5च्या आसपास आणून प्रोटीन खाली बसवलं, की वर उरतं ते सेंद्रिय भार असलेलं भरपूर पाणी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आलाच. गोदावरीच्या काठी ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. त्यापेक्षा डाळ बारीक दळून हवेच्या झोताने हलका-जड भाग वेगळा करायची कोरडी पद्धत बघा. प्रोटीन 50-60 टक्क्यांवरच थांबतं, पण पाणी नाही, ड्रायर नाही. शेवेला 80 टक्क्यांचं प्रोटीन लागतं कुठे? पेपरासाठी 80 चांगलं दिसतं, एवढंच.

इंग्लंडचं क्वॉर्न बघा, बुरशीच्या प्रोटीनपासून बनवलेला मांसाला पर्याय. त्याची बुरशी 1967 मध्ये मातीत सापडली आणि माल बाजारात आला 1985 मध्ये. बुरशी होती पीठ-पावाच्या धंद्यातल्या रँक होविस मॅकडूगलकडे, आणि आयसीआय या केमिकल कंपनीकडे पशुखाद्याच्या बंद पडलेल्या प्रकल्पाचा फर्मेंटर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायची टाकी, रिकामा होता. दोघांची गाठ पडली म्हणून पुढचं घडलं. नाशकात रिकाम्या मशिनरी कमी नाहीत, फक्त डोळसपणे बघा. हंगाम संपल्यावर वायनरीच्या टाक्या मोकळ्या असतात खऱ्या, पण त्यांत हवा सोडायची सोय नसते, तेव्हा बुरशी वाढवायचा बेत तिथे जमणार नाही. कांदा सुकवणाऱ्यांचे ड्रायरही भाड्याने मिळाले तरी नको. प्रोटीन वास धरतं, आणि कांद्याचं बिस्किट कुणाला हवंय.

पायलट स्केलसाठी, म्हणजे लॅब आणि कारखाना यांच्या मधल्या चाचणीसाठी, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे चौकशी करा. पैशांसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची ‘बिग’ ग्रँट आहे, 50 लाखांपर्यंत. केंद्राच्या 2024 च्या बायोई3 या जैवतंत्रज्ञान धोरणात स्मार्ट प्रोटीनचं, म्हणजे मांस-दुधाला पर्यायी प्रोटीनचं, नाव आहे, प्रस्तावात त्याचा उल्लेख जरूर करा.

परवानगीचं आधी बघा. मूग आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, म्हणून त्यातून काढलेला प्रत्येक घटक आपोआप चालतो असं धरून चालू नका. घटक किंवा प्रक्रिया नवी ठरली तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांखाली आधी मंजुरी लागते. ‘व्हीगन’ छापायचं तर 2022 चे वेगळे नियम आहेत. आणि वनस्पतीच्या मालाला लेबलवर ‘पनीर’ म्हणता येत नाही, मार्केटिंगवाला कितीही म्हणाला तरी.

भेटायला येताना 200 ग्रॅमची डबी आणू नका. आमचा मिक्सरच त्याने ओला होत नाही. एकाच बॅचच्या दोन गोण्या आणा, सोबत लॅब रिपोर्ट, आणि सहा महिने ठेवल्यावर वास आणि रंग कसा राहतो याची नोंद. फक्त दिवाळीच्या आधीचे दोन महिने सोडून या, तेव्हा ट्रायलसाठी लाइन मालकाच्या सख्ख्या भावालाही मिळत नाही.