‘तसा मुलगा चांगला आहे हो, पण…’

साखरपुडा झालेल्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. मुलगा पीत नाही, हात उचलत नाही, घरचे सज्जन. काहीतरी खटकतंय, पण चारचौघांत सांगण्याएवढं मोठं नाही. आणि हॉल तर बुक झालेला. गेल्या लग्नसराईत हे इतक्यांदा ऐकलं की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.)

ही २७ वर्षांची, बँकेत नोकरीला. आईच तिला घेऊन आली होती. "हिला झोप लागत नाही मॅडम. लग्नाचं टेन्शन सगळ्यांनाच येतं ना?" पहिली भेट आईच्याच बोलण्यात गेली. दुसऱ्या भेटीत माझं लक्ष मुलीच्या हातांकडे गेलं. उजव्या हाताला मरून नेलपॉलिश, डाव्याचं अर्धवट खरवडलेलं.

"हे काय झालं?"

"तो मला इथून घ्यायला येणारेय. त्याला नाही आवडत. रिक्षात काढत होते, पण रिमूव्हर नव्हतं."

"एवढंच ना!" आई म्हणाली.

मला एक इटालियन चित्रपट आठवला. पाओला कोर्तेलेसीचा २०२३ मधला ‘चे आंकोरा दोमानी’, म्हणजे ‘अजून उद्या आहे’. १९४६ चं रोम, सगळं कृष्णधवल. देलिया नवऱ्याचा मार खाते, दिवसभर मिळेल ते काम करते आणि त्यातले थोडे पैसे लेकीच्या लग्नाच्या पोशाखासाठी लपवून ठेवते. (ही भूमिकाही कोर्तेलेसीचीच.) लेकीला बारमालकाच्या घरचं स्थळ आलेलं, घर खूश. मग एक दिवस होणारा जावई लेकीच्या ओठांवरची लिपस्टिक पुसताना देलियाला लांबून दिसतो. इतक्या वर्षांच्या संसारातून आलेली बाई ती, तिला पुढचं सगळं तिथेच कळतं.

ही गोष्ट मी दोघींना सांगितली. संपल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. आईने लेकीचा डावा हात हातात घेतला, नखांवरून अंगठा फिरवला. "केस वाढवलेस ते पण त्याच्यासाठीच का गं?" मग एकेक निघत गेलं. मोबाईलवर लोकेशन सतत चालू. कॉलेजच्या मित्रमैत्रिणींचा ग्रुप सोडलेला. ‘नोकरीचं नंतर बघू’ हे तीनदा ऐकलेलं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. माणसाला प्रसंगापेक्षा त्याच्या मनातला ‘च’ जास्त छळतो, यावर माझा भरवसा आहे. मराठीत हा ‘च’ आयताच हाती लागतो. फळ्यावर लिहिलं : साखरपुडा झाला की लग्न झालंच पाहिजे. ‘च’भोवती गोल काढला आणि मुलीला विचारलं, "हा कुठून आला?"

उत्तर आईने दिलं. "आमच्याकडून."

बावीस वर्षं हे काम करतेय. पालकाच्या तोंडून इतकं सरळ उत्तर क्वचित ऐकलंय, आणि ते माझ्या खोलीत आलं याचं मला आजही बरं वाटतं.

पण लगेच "लग्न मोडा" असं मी सांगत नाही. आधी एक छोटा नकार देऊन बघायला सांगते. नेलपॉलिश लावूनच भेट. लोकेशन एक दिवस बंद ठेव, आणि बंद ठेवलंय हे सांगून ठेव. समोरचा रुसला, भांडला, तरी चालेल. तुझं ऐकून घेतो का, तेवढं बघ. मागे एका मुलीच्या बाबतीत मुलगा ओशाळला, "मी खरंच असा वागतोय?" म्हणाला, आणि दोघं मिळून चार वेळा माझ्याकडे आली. त्यांचा संसार छान चाललाय. हिचा मात्र नऊ दिवस बोललाच नाही. नंतर त्याने हिच्या भावाला फोन केला : "तुमच्या बहिणीला समजवा."

आता आई पेटली. "मीच फोन करून मोडते!" इथे मला चित्रपटातली न पटलेली जागा आठवली. देलिया ओळखीच्या अमेरिकन सैनिकाच्या मदतीने तो बारच उडवून देते. स्थळ जातं, लेक सुटते; पण लेकीला कुणी विचारलेलंच नसतं. प्रेक्षक म्हणून मी टाळ्या वाजवल्या, समुपदेशक म्हणून नाही वाजवल्या. परस्पर ठरवलेलं लग्न आणि परस्पर मोडलेलं लग्न, मुलीच्या दृष्टीने दोन्हींत फरक फारसा नसतो. पालकांनी पाठीशी जरूर उभं राहावं, पण वाक्य तिचं तिलाच बोलू द्यावं.

मग आम्ही ते वाक्यच घेऊन बसलो. पहिल्या खेपेला तिचं वाक्य सात-आठ ओळींचं झालं, त्यात तीन वेळा ‘सॉरी’. शेवटी उरलं एवढंच : "मला हे लग्न करायचं नाही." ‘कारण’ हा शब्द गाळायला तिला सर्वांत जड गेलं. कारण दिलं की समोरचा ते खोडत बसतो. हे तुम्हीही लक्षात ठेवा.

बोलली ती, घरी, दोन्हीकडच्या मोठ्यांसमोर. आई शेजारी बसून होती, गप्प. गप्प बसणं तिला किती कठीण गेलं असेल, हे मला माहीत आहे.

पुढे दोघींनी तो चित्रपट पाहिला. देलिया मतदानाला जाते तो शेवटही. २ आणि ३ जून १९४६, राष्ट्रीय मतदानात इटलीतल्या बायकांचं पहिलं मत. दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "मॅडम, त्या बाईने लग्नाचे साठवलेले पैसे लेकीच्या शिक्षणाला दिले. आमचे हॉलवाले तर ॲडव्हान्स परत द्यायलाच तयार नाहीत. काय करावं?"

त्याला माझ्याकडे उपाय नव्हता. भावाला पाठवा म्हटलं, आता तरी त्याचा उपयोग होऊ दे.