सेंट पीटर्सबर्गमध्ये चर्च एकच नीट पाहायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आईंना घेऊन सेंट पीटर्सबर्गला तीन दिवस आहात, यादीत चार-पाच मोठी ऑर्थोडॉक्स चर्चेस आहेत, पण फोटोत सगळी सारखीच सोनेरी दिसतात. एकच नीट पाहायचं तर कोणतं, आत गेल्यावर नेमकं काय बघायचं, आईंचा गुडघा दुखतो त्याचं काय, आणि त्यांनी तिथे हात जोडले तर कुणाला खटकेल का? मी या शहरात तीनदा गेलोय, दोनदा कामानिमित्त आणि एकदा बायकोबरोबर. त्यावरून सांगतो.

एकच पाहायचं असेल तर 'स्पास ना क्रोवी' पाहा. नावाचा अर्थ रक्तावर उभं राहिलेलं तारणहाराचं चर्च. ते नाव अगदी शब्दशः खरं आहे आणि आत शिरण्याआधी ती गोष्ट आईंना जरूर सांगा. नाहीतर दहा मिनिटांत मान दुखायला लागते आणि माणूस बाहेर येऊन आइस्क्रीम शोधतो.

1881 च्या मार्च महिन्यात झार दुसरा अलेक्झांडर इथल्या कालव्याकाठच्या रस्त्यावरून बग्गीतून चालला होता. 'नारोद्नाया वोल्या' या क्रांतिकारकांच्या गटातल्या एकाने बाँब फेकला. बग्गी मोडली, झार वाचला. आत बसून निघून जाण्याऐवजी तो खाली उतरला, आणि तेवढ्यात दुसऱ्याने त्याच्या पायाशी दुसरा बाँब टाकला. त्याच दिवशी राजवाड्यात त्याने प्राण सोडला. रशियातल्या भूदासांना (जमीनदारांच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना) 1861 साली मुक्त करणारा झार तो हाच. त्याच्या मुलाने बाप जिथे पडला त्याच जागेवर चर्च बांधायचं ठरवलं. रस्ता अरुंद, शेजारी पाणी, म्हणून कालव्यात भराव घालून पाया पुढे नेला. बाहेरून पाहाल तेव्हा हे लगेच लक्षात येईल: कालवा सरळ येतो आणि चर्चपाशी काठ पाण्यात पुढे सरकलेला दिसतो. काम 1883 ला सुरू झालं, 1907 ला संपलं. वास्तुरचना आल्फ्रेड पारलांड यांची.

आता आत काय बघायचं ते.

आत शिरल्यावर सगळे लोक वर बघतात. तुम्ही आधी पश्चिमेच्या टोकाला जा, म्हणजे मुख्य वेदीच्या बरोबर विरुद्ध बाजूला. तिथे दगडी खांबांवर एक मेघडंबरी आहे. तिच्याखाली, आताच्या संगमरवरी फरशीपेक्षा खालच्या पातळीवर, जुन्या रस्त्याचे दगड तसेच्या तसे ठेवलेत आणि कालव्याच्या कठड्याचा एक तुकडाही. झार पडला ती जागा हीच. सगळं चर्च या दोन-चार हात जागेभोवती उभं आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ही जागा माझ्या नजरेतून सुटली होती आणि हॉटेलवर परतल्यावर फार चुटपुट लागली. आजूबाजूला इतकं निळं-सोनेरी झगमगत असतं की खालचे साधे करडे दगड दिसतच नाहीत. तिथे दोन मिनिटं थांबा. बऱ्याच रशियन माणसांच्या तिथे टोप्या हातात येतात.

त्यानंतर भिंतींकडे वळा. तुम्हाला वाटेल रंगवलेल्या आहेत. रंग नाहीये तो. भिंती, खांब, कमानी, घुमटांचा आतला भाग, सगळं मोझेक आहे, सात हजार चौरस मीटरपेक्षा जास्त. अपारदर्शक रंगीत काचेचे नखाएवढे, काही ठिकाणी त्याहून लहान तुकडे. आईंना एखाद्या खांबाजवळ नेऊन एका संताचा चेहरा अगदी जवळून दाखवा (हात लावायचा नाही). गालावर तीन-चार गुलाबी छटा, मधेच एक हिरवट तुकडा, नाकाच्या कडेला तपकिरी, आणि तुकडे चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे ओळीने वळत गेलेले. कपड्यांकडे आणि पार्श्वभूमीकडे गेलात की तेच तुकडे मोठे आणि सरळ होतात. मग दहा पावलं मागे सरका. हिरवा तुकडा दिसेनासा होतो आणि गालाखालची सावली दिसते. हे एकदा कळलं की पुढचा तास कसा जातो समजत नाही.

हे काम मुख्यतः फ्रोलोव्ह यांच्या कारखान्यात झालं. वासनेत्सोव्ह, नेस्तेरोव्ह, र्‍याबुश्किन अशा चित्रकारांनी मूळ चित्रं दिली. कारागीर चित्र जाड कागदावर उलटं उतरवून घ्यायचे, आरशात दिसतं तसं. त्याचे भाग पाडायचे, काचेचे तुकडे त्यावर पालथे चिकटवायचे आणि मग तो अख्खा भाग भिंतीवर ओल्या लेपात बसवायचे. कागद सोडवला की चित्र सुलटं. म्हणजे काम करताना कारागिराला आपल्या चित्राची पाठच दिसत असे.

या घराण्यातले व्लादिमीर फ्रोलोव्ह पुढे सोव्हिएत काळातही मोझेकच करत राहिले. मॉस्कोच्या मायाकोव्स्काया मेट्रो स्टेशनच्या छतातली मोझेक त्यांचीच. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) जर्मन वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते, आणि उपासमारीच्या त्या दिवसांत मॉस्को मेट्रोसाठी आणखी एक संच पूर्ण करत होते. 1942 मध्ये वेढ्यातच ते वारले. त्यांचं काम मात्र मॉस्कोला पोचलं आणि नोवोकुझनेत्स्काया स्टेशनच्या छतात लागलं. तुमच्या प्रवासात मॉस्कोही असेल तर त्या स्टेशनवर उतरून वर बघा. मला स्वतःला ही दोन ठिकाणं एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. झारच्या स्मारकासाठी आणि कामगारांच्या मेट्रोसाठी काच बसवणारा हात एकच होता.

चर्चच्या नशिबी मात्र वाईट दिवस आले. 1930 साली ते बंद झालं. पाडायचंही ठरलं होतं, पण युद्ध आलं आणि ते राहून गेलं. वेढ्यात इथे शवागार होतं. भाज्यांचं कोठारही झालं, म्हणून लोक त्याला बटाट्यांवरचं चर्च म्हणायचे. नंतर एका नाट्यगृहाचे पडदे आणि देखावे इथे ठेवलेले असत. 1961 मध्ये तर वर घुमटात न फुटलेला जर्मन तोफगोळा सापडला. युद्ध संपून सोळा वर्षं झाली होती आणि तेवढा काळ तो डोक्यावर तसाच होता. 1970 ला इमारत संग्रहालयाकडे आली, दुरुस्ती सुरू झाली आणि 1997 ला दारं उघडली. बांधायला 24 वर्षं, दुरुस्त करायला 27. दुरुस्तीच्या परांच्या वर्षानुवर्षं हटल्या नाहीत तेव्हा शहरात एक म्हण पसरली होती की या उतरतील त्या दिवशी सोव्हिएत सत्ता जाईल. बाहेरच्या परांच्या निघाल्या 1991 साली. तिथल्या लोकांना हे सांगायला फार आवडतं.

व्यवहाराचं थोडक्यात. चर्च बुधवारी बंद असतं, तेव्हा तुमचे तीन दिवस तपासा. तिकीट लागतं. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. नेव्स्की प्रॉस्पेक्ट मेट्रोच्या कालव्याकडच्या दाराने बाहेर पडलात तर पाच-सात मिनिटं सपाट चालणं आहे, पायऱ्या चढायची वेळ येत नाही. सकाळी उघडताच जा, कारण अकरानंतर गटच्या गट येतात आणि मेघडंबरीपाशी उभं राहायलाही जागा उरत नाही. आपल्याकडची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं 2022 पासून रशियात चालत नाहीत, रोख रूबल जवळ ठेवा. तुमच्या यादीतल्या सेंट आयझॅकच्या कॅथेड्रलबद्दल: हिरव्या मॅलकाइट आणि निळ्या लॅपिस लाझुली दगडांचे खांब खरोखर बघण्यासारखे आहेत, पण वरच्या सज्जाला 262 पायऱ्या आहेत. आईंना घेऊन नको.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. स्पास ना क्रोवी हे नेहमीचं गावचं चर्च कधीच नव्हतं. झारच्या स्मरणार्थ बांधलेलं, लग्नं-बारशी तिथे होत नसत. आजही ते आधी संग्रहालय आहे, प्रार्थना ठरावीक वेळीच होते. फक्त तेच पाहून आलात तर रिकामं देऊळ पाहून आल्यासारखं होईल. म्हणून एका संध्याकाळी रोजची प्रार्थना चालते अशा चर्चमध्ये जाच. तुम्ही विचारलंत एकच, पण हे दुसरं मी आग्रहाने जोडतोय, आणि त्याला तिकीट नाही.

मी सेंट निकोलसचं नाविकांचं कॅथेड्रल सुचवेन. निळं-पांढरं, सोनेरी कळसांचं, 1753 ते 1762 मध्ये बांधलेलं, मारिइन्स्की थिएटरच्या जवळ. घंटाघर वेगळं, कालव्याच्या काठावर. सोव्हिएत काळात शहरातली बहुतेक चर्चेस बंद पडली, हे पडलं नाही. वेढ्यातही इथे प्रार्थना चालू होत्या. समुद्रावर गेलेल्या खलाशांच्या आठवणीच्या पाट्या भिंतीवर आहेत, 1989 मध्ये बुडालेल्या कोम्सोमोलेत्स पाणबुडीचीही. याला दोन मजले आहेत आणि आईंच्या दृष्टीने चांगलं म्हणजे खालचं चर्च जमिनीलगत आहे. छत बुटकं, उजेड कमी, तेलाचे दिवे, मेणाचा मधासारखा वास.

आत बाकांच्या रांगा नसतात. ऑर्थोडॉक्स प्रार्थना उभ्यानेच होते, कधी दोन तास. भिंतीकडेला थोडी बाकं असतात, ती म्हाताऱ्या माणसांसाठीच; आई निःसंकोच बसू शकतात. समोर मूर्तिचित्रांची जी उंच भिंत दिसते तिला आयकोनोस्टॅसिस म्हणतात. तिच्यामागे गाभारा, आणि मधल्या दारातून फक्त पुरोहितच जातात. प्रार्थना चालू असताना त्या दारासमोरून आडवं जाऊ नका, मागून वळसा घाला. वाद्य एकही नसतं, फक्त माणसांचे आवाज. पहिली पंधरा मिनिटं काही कळत नाही, नंतर कळायची गरज वाटत नाही. बायकांनी डोकं झाकायचं, आईंच्या पदराने किंवा ओढणीने भागतं. पुरुषांनी टोपी काढायची. हात खिशात नकोत. फोन पर्समध्येच राहू द्या.

(सणांच्या तारखा बघत असाल तर रशियन चर्च जुनं पंचांग पाळतं, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे. नाताळ 7 जानेवारीला येतो. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरपर्यंत आलेला अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी आपल्या टिपणांत हळहळतो की पुस्तकं हरवल्यामुळे ईस्टर कधी आला आणि उपास कधी संपले हे त्याला कळेनासं झालं. ही तिथी त्या लोकांना किती जवळची आहे ते त्या ओळींवरून समजतं.)

आणि हात जोडण्याबद्दल. जोडू द्या. कुणीही काही म्हणणार नाही. क्रूसाची खूण करायची किंवा मूर्तिचित्राचं चुंबन घ्यायचं बंधन पाहुण्यावर नसतं. मेणबत्ती लावायची इच्छा झाली तर एकच लक्षात ठेवा: उंच गोल दिवठाण्यांवर जिवंत माणसांसाठी लावतात, आणि लहान क्रूस ठेवलेलं एक बुटकं चौकोनी मेज असतं, ते गेलेल्यांसाठी.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. माझे सासरे जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. बायकोने बारीक पिवळी मेणबत्ती घेतली आणि सेंट निकोलसच्या चित्रापुढच्या गोल दिवठाणीत लावायला गेली. शेजारी एक आजीबाई होत्या, फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या, जळून गेलेली मेणाची टोकं गोळा करत होत्या. त्यांनी रशियनमध्ये काहीतरी विचारलं. बायकोला कळलं नाही, पण प्रश्न कशाचा असेल ते बहुधा समजलं. ती म्हणाली, "पप्पा," आणि वर बोट केलं. रशियनमध्येही बापाला पापाच म्हणतात. आजीबाईंनी तिचं मनगट धरलं, खांबामागच्या त्या चौकोनी मेजापाशी नेलं, मेणबत्तीचं बूड दिव्यावर जरा मऊ करून खोबणीत घट्ट बसवून दिलं. मग त्या तिथेच, तिच्या शेजारी, बराच वेळ उभ्या राहिल्या.

मेणबत्त्या दाराजवळच्या टेबलावर मिळतात. सुटे रूबल वेगळे काढून ठेवा.