ठाण्यात फ्लॅटमध्ये सरावासाठी जुना गिटार अ‍ॅम्प घ्यायचाय, बघायला जाताना काय तपासू?

१०-१५ वॅटचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) अ‍ॅम्प पुरे. व्हॅक्यूम ट्यूबवाल्या अ‍ॅम्पच्या नादी लागू नका, तो मोठ्या आवाजातच खुलतो, शेजारी दार वाजवतील. स्वतःची गिटार आणि केबल न्या. आधी मागची पट्टी वाचा: फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर थेट लावला की जळणार. मग अ‍ॅम्प चालू करून, गिटार न जोडता व्हॉल्यूम वाढवा. हलकी सूं चालते. जाड घूंऽऽ आली तर अर्थिंग किंवा फिल्टर कपॅसिटरचा (आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारा भाग) संशय. नॉब फिरवताना खरखर? बहुतेकदा धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते (भाव पाडायला मात्र उपयोगी). क्लीनवर (डिस्टॉर्शन बंद ठेवून) जाड ई तार जोरात छेडा. फरफर आली तर स्पीकरचा कोन (कागदी पडदा) फाटलाय किंवा त्यामागची कॉइल घासतेय. खाडीकाठच्या दमट हवेत जॅकही गंजतात, लावलेली पिन हलवून आवाज तुटतो का बघा.