घराचे रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (अमळनेर) : शेडकार्डावर पसंत केलेला फिकट राखाडी रंग हॉलमध्ये लावल्यावर गुलाबीसर दिसतो. खाली हिरवट कोटा फरशी आहे. दुकानात रंग चुकीचा कालवला गेला असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी वाटते. रंगचक्रात हिरव्याच्या समोर लाल येतो, आणि हिरव्या पृष्ठभागाशेजारी असलेल्या उदासीन (राखाडी, पांढऱ्यासारख्या) रंगावर डोळ्याला त्या लालाची झाक भासते. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्हरल यांच्याकडे काळे सूत फिके दिसत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा दोष सुताच्या रंगात नसून त्याच्या शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुतात आहे, असे त्यांना आढळले. हा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पांढरा कागद आडवा धरून फरशी नजरेआड करावी आणि भिंत पुन्हा पाहावी. झाक नाहीशी झाली, तर हिरवटाकडे किंचित झुकणारा राखाडी निवडावा. मात्र या वेळी कार्डावर विसंबू नये. भिंतीवर दोन-तीन फुटांचा चौकोन दोन हात देऊन रंगवावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि सकाळी, भर दुपारी व रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा.

प्रश्न (भुसावळ) : आमची झोपण्याची खोली पश्चिमेला असून उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. मुलीला नारिंगी रंग हवा आहे. त्याऐवजी निळा दिला, तर खोली थंड राहील का?

उत्तर : आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीचे तापमान उतरत नाही. उष्णता स्लॅबमधून, बाहेरच्या भिंतीतून आणि खिडकीतून येते. म्हणून गच्चीवर व पश्चिमेच्या बाहेरच्या अंगाला पांढरा रंग देणे आणि खिडकीवर छज्जा किंवा चिकाचा पडदा लावणे, हाच खरा उपाय आहे. निळ्या-हिरव्या छटांनी गारवा जाणवतो, परंतु तो मनाला.

तरीही मुलीची इच्छा मोडण्याचे कारण नाही. प्रत्येक रंगाला छटा (लाल, पिवळा, निळा यांपैकी कोणता), उजळपणा (किती फिका वा गडद) आणि तीव्रता (किती भडक वा मंद) अशी तीन अंगे असतात. अमेरिकी चित्रकार मन्सेल यांनी 1905 मध्ये रंगांची मांडणी याच तीन अंगांवर केली. पिकलेल्या केळीची साल आणि त्याच बागेतले वाळलेले पान यांची मूळ छटा जवळजवळ सारखीच असते, पण पानाचा उजळपणा व तीव्रता उतरलेली असते. खोली खटकते ती बहुधा छटेमुळे नव्हे, तर तीव्रतेमुळे. सायंकाळचे ऊन स्वतःच केशरी असते आणि ते भडक नारिंगी भिंतीवर पडले की डोळ्यांना सहन होत नाही. म्हणून भिंतींना उजळ, मंद जर्दाळू रंग द्यावा आणि भडक नारिंगी चादर, उशांचे अभ्रे यांपुरता ठेवावा. ते केव्हाही बदलता येतात.

प्रश्न (धुळे) : जुन्या चिंचोळ्या घरात एकच खिडकी आहे. पांढरा रंग देऊनही मधली खोली मळकी दिसते.

उत्तर : पांढरा रंग मिळालेला उजेड परतवतो, नवा निर्माण करत नाही. पूर्वी चुन्यात नीळ घालत, कारण निळ्यामुळे चुन्यातील पिवळेपणा मारला जाई. भरपूर उन्हात तो पांढरा झळाळतो, पण अपुऱ्या उजेडात तीच निळसर झाक करडी वाटते. छत पांढरेच ठेवून भिंतींना साईसारखा किंचित पिवळसर पांढरा रंग द्यावा. दिवे सुमारे 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, घ्यावेत आणि त्यांचा रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय), म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप, 90 च्या आसपास आहे, हे खोक्यावर पाहून घ्यावे.

प्रश्न (शहादा) : 60-30-10 हे प्रमाण पाळावेच लागते का?

उत्तर : मुख्य रंग 60 टक्के, दुय्यम 30 आणि उठावाचा 10, हा सोयीचा अंदाज आहे, बंधन नव्हे. मात्र हिशेबात फरशी, दारे आणि कपाटे धरायला लोक विसरतात. शहाबादी फरशी व सागवानी दारे असतील, तर राखाडी आणि तपकिरी रंग घरात आधीच आलेले असतात. अशा वेळी भिंतींसाठी एकच उजळ रंग निवडावा आणि उठावाचा रंग पडद्यांवर सोपवावा.