रिमोट नोकरी हवी कुणाला, मुलीला की तुम्हाला?

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, सीजीपीए ८.१. कॅम्पसमधून पुण्याच्या एका कंपनीची वर्षाला ४ लाखांची ऑफर आहे, रोज ऑफिसला जावं लागेल. ते लिहितात : ‘शेजारच्या मुलाला अमेरिकेच्या कंपनीकडून घरबसल्या महिना दोन लाख मिळतात. मुलीनं पुण्यात एकटं राहण्यापेक्षा घरी राहून तसंच काम बघावं असं आमचं ठरलं आहे. दोनेक वर्षांत लग्नाचंही पाहायचं आहे. अर्ज कुठे आणि कसे करायचे? नाहीतर एमपीएससीला बसवावं का?’

नमस्कार,

मुलीचे गुण, कॉलेज, ऑफर, शेजारच्या मुलाचा पगार, सगळं तुम्ही नीट लिहिलंत. मुलीला स्वतःला काय करायचंय, याबद्दल मात्र पत्रात एक शब्द नाही. ‘आमचं ठरलं आहे’ यातल्या ‘आमचं’मध्ये ती आहे का, हेही कळत नाही. मला गुणांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

रिमोट नोकरीकडे तुम्ही करिअर म्हणून पाहत नाही आहात. मुलगी लग्न होईपर्यंत नजरेसमोर राहावी आणि पगारही यावा, यासाठी ती तुम्हाला हवी आहे. परक्या शहराची भीती मी समजू शकतो. पण त्या भीतीवर हा उपाय नाही. घरात लॅपटॉप उघडून बसलेली मुलगी आपल्याकडे ‘घरीच असते’ अशी धरली जाते. पाहुणे आले की चहा तिनं टाकायचा, सिलिंडर आला की दार तिनं उघडायचं, आजीला दवाखान्यातही तिनंच न्यायचं. पहिल्या दोन वर्षांत ज्या एकाग्रतेनं शिकायला हवं, तिचे असे तुकडे होतात. आणि उद्या स्थळ बघायला येणारेही विचारतील, ‘घरूनच करते ना? मग घर सांभाळून होईल.’

रात्रीचंही बघा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची कंपनी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चालते, तेव्हा आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच वाजलेले असतात. हे उन्हाळ्यात, हिवाळ्यात त्यांची घड्याळं बदलली की सगळं आणखी एक तास पुढे जातं. काही कंपन्या ‘चार तासांचा ओव्हरलॅप’ मागतात, म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या वेळेतले चार तास तरी तुम्ही कामावर असायला हवं. ते चार तासही बहुतेक मध्यरात्रीचेच असतात. पुण्यातल्या ऑफिसात रात्रपाळी द्यायची तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाला करावी लागते. दहा किंवा जास्त कर्मचारी असले तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही बंधनकारक आहे. घरी बसून परदेशी कंपनीचं कंत्राटी काम करणाऱ्या मुलीला यातलं काही मागायचं झालं, तर कुणाकडे मागणार?

आता मुख्य गैरसमज. ‘रिमोट’ म्हणजे जगात कुठूनही, असं नसतं. जाहिरातीत रिमोटच्या पुढे बारीक अक्षरात ‘यूएस’, ‘युरोप’ किंवा ‘ईएमईए’ लिहिलेलं असतं, आणि तो शेवटचा शब्द युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिकेसाठी आहे, भारत त्यात येत नाही. कारण कायद्याचं आहे. ज्या देशात कर्मचारी बसतो, तिथला कामगार कायदा, कर आणि सामाजिक सुरक्षेचे नियम कंपनीला पाळावे लागतात. तिची भारतात नोंदणी नसेल, तर तिच्यापुढे दोन वाटा उरतात. एक, ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणून काम करणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या पगारपत्रकावर माणूस घेणं. यात पीएफ, रजा, ग्रॅच्युइटी मिळते, पण कंपनीला दरमहा जादा खर्च येतो. दुसरी, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घेणं. यात तिनं बिल पाठवायचं आणि पैसे घ्यायचे, बाकी काही नाही. अर्जात एक प्रश्न असतो : ‘तुम्हाला या देशात काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का?’ तिथे खरं उत्तर ‘नाही’ असतं आणि अर्ज तिथेच गळतो. काही मुलं खोटं ‘हो’ लिहितात, अमेरिकेतला पत्ता टाकतात. कागदपत्रं मागितली की पकडली जातात आणि त्या कंपनीचं दार कायमचं बंद होतं.

त्यात नवख्या उमेदवाराला रिमोट घ्यायला कंपन्या कचरतात. नव्या मुलीला दिवसातून पंधरा वेळा अडतं. ऑफिसात ती खुर्ची वळवून विचारते. रिमोट कामात प्रश्न नेमका लिहून पाठवावा लागतो, समोरचा उठेपर्यंत थांबावं लागतं, आणि उत्तर चुकीचं समजलं तर दिवस फुकट जातो. म्हणून ज्याला फारसं विचारावं लागत नाही, असा माणूस त्यांना हवा असतो, आणि तो तयार व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. शेजारच्या मुलाला अनुभव किती, हे विचारलंत का? तो नोकरीत आहे की कंत्राटावर? कंत्राटावर असेल, तर त्या दोन लाखांतून आगाऊ कर, आरोग्य विमा, म्हातारपणची तरतूद आणि काम नसलेले महिने, सगळं त्याला स्वतःच भागवावं लागतं. उत्पन्न वर्षाला २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी नोंदणी येते. परदेशी कंपनीचं काम निर्यात धरलं जातं आणि निर्यातीवर हा कर लागत नाही, पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरावं लागतं. आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवावा लागतो. अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बेन हा, आपण अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा फॉर्म मागते, तो आयकर खात्यात नव्हे तर त्या कंपनीकडेच द्यायचा असतो. हे सगळं जमण्यासारखं आहे, पण बावीसाव्या वर्षी नोकरीची सुरुवात इथून करू नये.

आणखी एक. घरबसल्या कामासाठी जो लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा रजिस्ट्रेशन फी मागतो, टेलिग्रामवर ‘टास्क’ देतो किंवा तिचं लिंक्डइन खातं भाड्यानं मागतो, तो चोर आहे. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : तिला पुण्याची नोकरी घेऊ द्या. ४ लाखांच्या पॅकेजमधून हातात महिना २८ हजारांच्या आसपास येतात. वर्किंग विमेन्स हॉस्टेल किंवा जेवणासह पीजी धरून ती स्वतःचं भागवू शकते, थोडं मागेही टाकू शकते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, महिन्यातून एकदा घरी येणं जड नाही. हो म्हणण्याआधी तिनं एचआरला मेलवर चार गोष्टी विचाराव्यात : बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा, काम डेव्हलपमेंटचं (नवं सॉफ्टवेअर लिहिण्याचं) की सपोर्टचं (चालू सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवण्याचं), शिफ्ट कोणती, आणि जॉइनिंगची तारीख लेखी मिळेल का. सपोर्टच्या कामाला टाकलं, तर सहा महिन्यांनी कोडिंगच्या प्रोजेक्टवर जाण्यासाठी मागे लागावं. तिकडे अडकून राहिली तर पुढची रिमोटची वाटही अरुंद होते.

रिमोटचं स्वप्न तिचं स्वतःचं असेल, तर तयारी पुण्यातूनच होते. एकच ओपन सोर्स प्रोजेक्ट (ज्याचा कोड कुणालाही बघता आणि सुधारता येतो असा) धरावा, पहिले दोन महिने फक्त त्याच्या माहितीपानांतल्या चुका आणि छोटे बग दुरुस्त करावेत, तिचं काम तपासणाऱ्यांच्या प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यावं. तिचा अर्ज वाचणारा नंतर हीच उत्तरं उघडून बघतो. गिटलॅब या पूर्ण रिमोट कंपनीची हँडबुक सगळ्यांना खुली आहे, काम लिहून कसं चालतं ते त्यात दिसतं. जॉइनिंग लांबलं, तर ‘आउटरीची’ (Outreachy) नावाची तीन महिन्यांची ७ हजार डॉलर मानधनाची रिमोट इंटर्नशिप बघावी. पूर्णवेळ नोकरी चालू असताना ती करता येत नाही. तीन वर्षांनी अर्ज करताना युरोपकडे आधी वळावं. जर्मनीचे ९ ते ५ आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ होतात, झोप शाबूत राहते.

एमपीएससी तिनं मागितली असेल तरच. बसवायची म्हणून नको.

ऑफर स्वीकारायची मुदत ऑफर लेटरवर असेल, ती आज बघा. ती मुदत संपण्याआधी एका रविवारी तिच्यासोबत पुण्याला जा, दोन-तीन हॉस्टेलं बघा, ऑफिसपासून बसनं किती वेळ लागतो ते मोजा. परतीच्या गाडीत तिला विचारा, तिला काय करायचंय. उत्तर आलं की मला तिनंच लिहावं.