बघू नकोस, आतून कर

प्रिय मुली,

गुडघ्याच्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले, रोज अर्धा तास डोळे मिटून मनात कबड्डीची चढाई करतेस, तरी मांडी जागी होत नाही. म्हणून विचारलंस, "ताई, हे थोतांड तर नाही?" थोतांड नाही. पण तू चढाई करत नाहीस, टीव्हीवर सामना बघावा तशी स्वतःला बघतेस. बघू नकोस. आतून कर.

गुडघ्यात सूज आहे तोवर सांध्याकडून मज्जारज्जूला जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, दाबून ठेवतात. स्नायू आळशी नाही, त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. म्हणून आधी सूज उतरव: कापडातून 15 मिनिटं बर्फ, पाय छातीपेक्षा उंच. हे टाळून नुसत्या कल्पनेवर विसंबलीस तर मी रागावेन.

आता आडवी हो. चांगल्या गुडघ्यामागे टॉवेलची लहान गुंडाळी ठेव. वाटीच्या वर, आतल्या बाजूला तीन बोटं टेकव आणि गुडघा 5 सेकंद टॉवेलवर दाब. वाटी मांडीकडे सरकते, बोटांखाली टणक गोळा येतो, सोडलं की मांडी पसरते. हे पुरतं ओळखीचं होऊ दे. मग तेच ऑपरेशनच्या पायात, काहीही न हलवता: टॉवेलचा दाब, वाटीचं सरकणं, सैल होणं. श्वास रोखू नकोस. पाच वेळा मनात, सहाव्यांदा प्रत्यक्ष, दर वेळी मध्ये 5 सेकंद विसावा. असे सहा फेरे, दहा मिनिटांत संपतात. अर्धा तास कशाला? लक्ष विस्कटलं की जाणीव जाते आणि चित्र उरतं.

1992 साली यू आणि कोल या संशोधकांनी करंगळीच्या स्नायूवर चार आठवडे हेच तपासलं. नुसत्या कल्पनेने ताकद सुमारे 22 टक्के वाढली, प्रत्यक्ष व्यायामाने 30. म्हणून सहावी खेप गाळायची नाही.

आतून होतंय का, हे घड्याळाने तपास. पलंगापासून दारापर्यंत चालायला लागणारे सेकंद मोज, मग डोळे मिटून मनात तेवढंच चाल. निम्म्या वेळात पोचलीस तर पावलं गाळलीस, आणि बहुधा दुखऱ्या पायावर भार येतो तीच.

तुला वाटेल, ताई एकच तुणतुणं वाजवतात. वाजवणारच. बघणं सोपं, म्हणून पोरं महिनाभर बघत बसतात आणि खापर पद्धतीवर फोडतात.

मनातली चढाईही अशीच कर. चढाईत ओलांडावी लागते त्या निदान रेषेवरून परत फिरताना पाय रोवलेला आणि गुडघा आत कोसळलेला, अशाच क्षणी लिगामेंट तुटतं. पावलं आखूड, गुडघा वाकलेला आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, तळव्याखाली मॅट. कल्पनेनेच दुखू लागलं तर परत टॉवेलवर ये. आणि मनात कितीही मोकळं वाटलं तरी बसवलेलं लिगामेंट तुझ्या कल्पनेने लवकर पक्कं होत नाही. नऊ महिन्यांआधी मैदान नाही, नंतरही ताकदीच्या चाचण्या झाल्यावरच.

रविवारी कापडी टेपने दोन्ही पायांचा घेर मोज: वाटीच्या मध्यावर, आणि तिच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटर वर. चारही आकडे पाठव. गुडघा पूर्ण सरळ होतो का, तेही कळव. पोटरी सुजून दुखली किंवा ताप आला तर रविवारची वाट बघू नकोस, थेट सर्जनकडे जा.

तुझी,
ताई